बागेतली आगगाडी, ७८ सांधे आणि माझा फसलेला सल्ला

"पीएचडी कशात करतेस?" असं कुणी विचारलं की मी "विजेच्या संपर्कांवर" एवढंच सांगते. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे वायरिंगचं का?" मी हो म्हणून टाकते, कारण ते तसं खोटंही नाही. दोन धातूंचे तुकडे एकमेकांना टेकतात आणि त्यातून वीज जाते, तेव्हा त्या टेकण्याच्या जागी नेमकं काय होतं, एवढाच माझा विषय. प्लग आणि सॉकेट, गाडीतले कनेक्टर, मोबाइलची चार्जिंग पिन, सगळीकडे हेच.

आज मात्र एका खेळण्यातल्या रेल्वेबद्दल लिहिणार आहे. तिने मला माझाच विषय परत शिकवला.

मी राहते लाइपझिगमध्ये. इथे शहराच्या कडेला छोट्या छोट्या बागांच्या वसाहती असतात, त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला एक तुकडा जमीन, एक लाकडी खोपटं, चार झाडं आणि भाजीचे वाफे. ही पद्धत १९व्या शतकात याच शहरात सुरू झाली. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांची अशी एक बाग आहे आणि त्यांच्या बागेत आगगाडी आहे. खोपटापासून सफरचंदाच्या झाडापर्यंत १२ मीटरची लाइन. रविवारी नातू येतो, खोपटाशी बसून गाडी सोडतो आणि झाडाखाली पडलेली सफरचंदं वाघिणीत भरून परत आणतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात गाडी झाडापर्यंत पोचेना. निम्म्या वाटेवर मंदावायची आणि शेवटच्या तीन मीटरमध्ये बंद पडायची. आजोबांचे गुडघे गेलेत, खाली बसून एकेक सांधा तपासणं त्यांना जमत नाही. लाइन उखडून टाकावी असं त्यांच्या मनात घोळत होतं. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, तू याचाच अभ्यास करतेस ना, मग सांग काय करायचं ते.

मी सांगितलं. छातीठोकपणे सांगितलं. आणि ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा तिथेच बंद पडली.

आधी रुळांची ओळख

बागेतल्या रेल्वेत सगळ्यात जास्त दिसणारा गेज म्हणजे ४५ मि.मी. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी नावाने ही रेल्वे बाजारात आणली, आणि तिचे रूळ, डबे उन्हापावसात बाहेर ठेवता येतील असे बनवले. प्रमाण १:२२.५. म्हणजे ४५ गुणिले २२.५, जवळजवळ एक मीटर. खऱ्या मीटरगेजची ही प्रतिकृती. (आपल्याकडे पुणे–मिरज लाइन एकेकाळी मीटरगेज होती, सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल.)

रूळ पितळेचे, उंची साधारण साडेआठ मि.मी. स्लीपर प्लॅस्टिकचे. साध्या सरळ तुकड्याची लांबी ३०० मि.मी. दोन तुकडे जोडायला रुळाच्या तळाशी पितळी पत्र्याची एक छोटी जोडपट्टी सरकवायची. बस्स. कार्पेटवर खेळायला हे एकदम झकास, दहा मिनिटांत लाइन तयार. पण त्या एवढ्याशा पत्र्यावर आपण दोन कामं टाकलेली असतात: दोन रूळ एका रेषेत धरून ठेवायचे आणि इंजिनासाठी वीज पुढे पोचवायची. इंजिनाच्या मोटरला वीज रुळांमधूनच मिळते. एक रूळ जाण्याचा, दुसरा परतीचा.

दोष रुळाचा की सांध्याचा?

चला, हिशेब करू. पितळेचा विशिष्ट रोध आणि रुळाचा आडवा छेद धरला तर एक मीटर रुळाचा रोध साधारण ३ मिलिओहम येतो. जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे सुमारे ७० मिलिओहम. इंजिन १ अँपिअर घेत असेल तर वाटेत गळणारा व्होल्टेज ०.०७ व्होल्ट. इंजिनाला पत्ताही लागणार नाही.

आता सांधे. १२ मीटरमध्ये ३०० मि.मी.चे ४० तुकडे, म्हणजे एका रुळात ३९ सांधे, दोन्ही मिळून ७८. झाडाखाली उभ्या असलेल्या इंजिनापर्यंतची वीज या ७८ सांध्यांतून एकामागून एक जाते. प्रत्येक सांधा चांगला, म्हणजे १ मिलिओहमचा असेल तर एकूण ०.०८ व्होल्ट गळतो. काहीच नाही. पण प्रत्येक सांधा ५० मिलिओहमचा झाला तर जवळजवळ ४ व्होल्ट! आणि बाकी सगळे उत्तम असून एकच सांधा ५ ओहमचा झाला तरी गाडी रडत चालणार.

म्हणजे दोष रुळाचा नाही, सांध्याचा. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

"टेकणं" म्हणजे काय?

दोन गुळगुळीत पितळी पत्रे एकमेकांवर ठेवले की ते पूर्ण टेकले असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली कुठलाही पत्रा पॉलिश पेपरसारखा खडबडीत दिसतो. दोन पॉलिश पेपर तोंडाला तोंड लावून ठेवले तर फक्त काही टोकं टोकांना भिडतील, बाकी सगळी पोकळी. धातूंचंही तसंच. वीज जाते ती त्या मोजक्या ठिपक्यांतून. सहा पदरी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या टोलनाक्याच्या एकाच खिडकीसमोर गोळा व्हाव्यात, तसं. या गर्दीमुळे जो जादा रोध तयार होतो त्याचं गणित रॅग्नर होल्म या शास्त्रज्ञाने २०व्या शतकात मांडलं आणि आमचा सगळा विषय त्यावर उभा आहे.

खरोखर टेकलेलं क्षेत्रफळ किती? ढोबळ नियम सोपा आहे: दाबण्याचं बल भागिले धातूची कठीणता. जोडपट्टी रुळाला १० न्यूटनने दाबतेय असं धरा, म्हणजे एक किलोचं वजन ठेवल्यासारखं. पितळेची कठीणता साधारण १ गिगापास्कल. उत्तर येतं ०.०१ चौरस मि.मी. जोडपट्टीचा तळ सव्वाशे-दीडशे चौरस मि.मी.चा असतो. म्हणजे दिसतो त्याच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपासच भाग खरा टेकलेला!

गंमत म्हणजे एवढ्याशा ठिपक्याचा रोधही अर्धा-पाऊण मिलिओहमच येतो. म्हणजे स्वच्छ धातू स्वच्छ धातूला टेकला असेल तर एवढंसं टेकणंही पुरतं. सगळी अट "स्वच्छ" या शब्दात आहे. पितळ हवेत राहिलं की त्यावर तांब्याच्या आणि जस्ताच्या ऑक्साइडचा थर धरतो. देवघरातला तांब्या आठ दिवस घासला नाही की कसा दिसतो, तेच. हा थर वीज धड वाहून नेत नाही.

माझा सल्ला कुठे चुकला

जूनमध्ये मी आणि नातवाने मिळून सगळी लाइन सोडवली. प्रत्येक रुळाचं टोक आणि प्रत्येक जोडपट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासली. सैल झालेल्या जोडपट्ट्या पकडीने थोड्या दाबून घट्ट केल्या. जोडून गाडी सोडली तर अशी पळाली की नातू ओरडायलाच लागला. मी मनातल्या मनात प्रबंधाला एक प्रकरण जोडून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये गाडी बंद पडली तेव्हा मी पहिल्यांदा मोजमाप घेऊन बसले. (हे आधी करायला हवं होतं. प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय मी एक वाक्य लिहीत नाही आणि बागेत मात्र अंदाजाने काम!)

साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर मिलिओहम मोजता येत नाहीत, त्याच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. पण एक सोपी युक्ती आहे. इंजिन उचलून ठेवा. लाइनच्या टोकाला दोन रुळांमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडा. रुळांना डीसी पुरवठा द्या, तोही शून्यापासून हळूहळू वाढवत, कारण थंड बल्ब सुरुवातीला भसकन करंट ओढतो. लाइन डिजिटल असेल तर तिचं कंट्रोलर आधी सोडवून ठेवा. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा आणि एक टोक सांध्याच्या अलीकडच्या रुळावर, दुसरं पलीकडच्या रुळावर टेकवा. पूर्ण १.७५ अँपिअर जात असताना ३५ मिलिव्होल्ट दिसले तर तो सांधा २० मिलिओहमचा. आकडेमोड नको असेल तर नुसते मिलिव्होल्ट लिहीत चला, वाईट सांधे आपोआप वर येतात. फक्त बल्बला हात लावू नका, चांगलाच तापतो.

७८ सांधे मोजायला एक दुपार गेली. बहुतेक सांधे ठीक होते. नऊ वाईट होते आणि त्यातले दोन तर अगदीच गेलेले. वहीत सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नऊच्या नऊ सांधे दिवसभर ऊन लागणाऱ्या पट्ट्यातले होते. कुंपणाच्या सावलीतले सांधे तितकेच ओले, तितकेच मातीत, तरी व्यवस्थित. एका बागेतली नोंद म्हणजे काही शास्त्रीय निष्कर्ष नाही, हे मान्य. पण माझ्या डोक्यात दिवा पेटायला ती पुरली.

ऊन! पितळ तापलं की लांबतं. एका मीटरला एका अंशामागे सुमारे १९ मायक्रोमीटर. ३०० मि.मी.चा तुकडा रात्रीपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापला तर ०.१७ मि.मी.ने लांबतो. ऐकायला क्षुल्लक आहे. पण तो लांबतो म्हणजे जोडपट्टीच्या आत सरकतो, रोज एकदा पुढे, एकदा मागे. ढग आला-गेला की मधे आणखी. शिवाय गाडी जाताना होणारी थरथर वेगळीच.

या बारीक सरकण्याला आमच्या विषयात फ्रेटिंग म्हणतात, आणि माझा प्रबंध चक्क त्याच्यावरच आहे! दर घासणीला टेकलेले ठिपके खरवडले जातात, आतला ताजा धातू उघडा पडतो, तो लगेच हवेशी संयोग पावतो, पुढची घासणी तेही खरवडते. हा काळा भुगा बाहेर पडत नाही, तिथेच साचतो आणि शेवटी धातू आणि धातूच्या मध्ये येऊन बसतो. मी रुळ चकचकीत केले, पण सरकणं थांबवलं नाही आणि हवा-पाणी अडवलं नाही. म्हणजे मी फक्त घड्याळ पुन्हा शून्यावर आणून ठेवलं होतं.

प्रयोगशाळेत माझ्या यंत्रावर ही हालचाल एक मोटर करते आणि खोलीचं तापमान एसीने कायम ठेवलेलं असतं. इतकी वर्षं मी "हालचाल" या शब्दापुढे मोटरच बघत होते. सूर्यही तेच काम करतो हे मला माहीत होतं, पण दिसलं नव्हतं.

मग सगळं आवळून टाकू या?

बाजारात यासाठी क्लॅम्प मिळतात. पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे दोन अर्धे भाग रुळाच्या तळाला दोन्ही बाजूंनी धरतात आणि बारीक स्क्रूने आवळले जातात. १० न्यूटनच्या जागी काहीशे न्यूटन बल मिळतं. टेकलेलं क्षेत्र वाढतं, पण खरा फायदा वेगळाच: सांधा सरकायचाच थांबतो. फ्रेटिंग नाही, भुगा नाही.

मी लगेच ७८ क्लॅम्पची ऑर्डर देणार होते. आजोबांनीच थांबवलं. त्यांनी विचारलं, सांधा सरकणार नाही, मग उन्हाळ्यात रूळ जाणार कुठे?

बरोबर प्रश्न. इथे हिवाळ्यात उणे १५ आणि उन्हात तापलेला रूळ ५० अंश धरला तर फरक ६५ अंशांचा. १२ मीटरच्या रुळात जवळजवळ १५ मि.मी.चा फेर. लाइन सरळ असेल आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर ही लांबी बाजूला फुगून निघते. किती फुगेल? कडाक्याच्या थंडीत टाकलेली १२ मीटरची लाइन १५ मि.मी.ने लांबली आणि एका सलग कमानीत वाकली तर मधोमध सुमारे २६ सेंटिमीटर बाहेर जाईल. आकडा बघून मी दोनदा तपासला. १५ मिलिमीटरचे २६ सेंटिमीटर! भूमितीच अशी आहे. खऱ्या रेल्वेत उन्हाळ्यात रूळ वाकल्याच्या बातम्या येतात त्यामागेही हेच.

लाइनला भरपूर वळणं असतील आणि ती खडीवर नुसती ठेवलेली असेल तर मात्र हे चालून जातं. वळण थोडं बाहेर सरकतं, थंडीत परत येतं. तिथे सगळे सांधे आवळले तरी हरकत नाही. आजोबांची लाइन सरळसोट, खोपट्याशी आणि झाडाशी काँक्रीटच्या फलाटात बसवलेली. तिथे नाही जमणार.

एका सांध्याला एकच काम

उत्तर खऱ्या रेल्वेकडेच होतं. फिशप्लेटचं पेटंट १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्सने घेतलं. दोन रुळांना बाजूने धरणारी पट्टी, बोल्टने आवळलेली, पण भोकांमध्ये बोल्टपेक्षा जरा जास्त जागा ठेवलेली, म्हणजे रुळाला थोडं पुढेमागे होता येतं. जुन्या लाइनवर प्रवास करताना जो खडक्-खडक् ताल ऐकू यायचा तो याच फटींचा. आणि वीज? सिग्नलचा करंट किंवा लोकलचा परतीचा करंट जिथे सांध्यातून न्यायचा असतो तिथे रेल्वे फिशप्लेटवर विसंबत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना जाड तार जोडते. हालचाल फिशप्लेटकडे, वीज तारेकडे. कामं वाटलेली.

आम्ही तेच केलं. १२ मीटरचे चार गट पाडले, प्रत्येकी ३ मीटरचा. गटाच्या आतले सगळे सांधे क्लॅम्पने आवळले. गटागटांच्या मध्ये जुनी सरकती जोडपट्टीच ठेवली, पण तिच्याकडून विजेचं काम काढून घेतलं: दोन्ही बाजूंच्या रुळांना एक लवचिक, बारीक तारांची वायर सैल वळण देऊन जोडली.

सरकत्या सांध्यात फट किती? आम्ही काम केलं तेव्हा १५ अंश होते. तिथून ५० अंशांपर्यंत ३ मीटरचा गट २ मि.मी.ने वाढणार, म्हणून फट २ मि.मी. उणे १५ ला ती पावणेचार मि.मी. होईल. गाडी अडखळेल का? ३० मि.मी. व्यासाचं चाक एवढ्या फटीत फक्त ०.१ मि.मी. खाली जातं. हलकासा टिक् आवाज येतो. नातवाला तो आवाज भयंकर आवडला.

तुम्ही करणार असाल तर चार गोष्टी सांगते:

- सरकत्या सांध्यात ग्राफाइटची पेस्ट भरा. लोकांना वाटतं पेस्ट वीज वाहून नेते म्हणून लावायची. ग्राफाइटचा विशिष्ट रोध पितळेच्या निदान शंभर पट असतो! वीज धातूच्या ठिपक्यांतूनच जाते. पेस्टचं काम हवा आणि पाणी बाहेर ठेवणं आणि घर्षण कमी करणं. क्लॅम्पच्या आतही आवळण्याआधी थोडी लावा.
- क्लॅम्पचे स्क्रू स्टेनलेसचेच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू ओल्या मातीत पितळेशेजारी लवकर खलास होतात. लहानसा कमजोर धातू मोठ्या तगड्या धातूला चिकटला की झिजतो तो लहानच.
- वायर डाग देऊन जोडणार असाल तर १०० वॅट किंवा त्याहून मोठी डागणी हवी. रूळ सगळी उष्णता ओढून घेतो, लहान डागणीने डाग वरवर बसतो आणि तेवढ्यात स्लीपर मात्र वितळतो. जवळच्या स्लीपरवर ओलं फडकं गुंडाळा, रूळ आधी स्वच्छ खरवडा.
- लाइन लांब असेल तर पुरवठ्याची वायर दोन-तीन ठिकाणी जोडा. मग एखादा सांधा गेला तरी गाडी चालते. (लाइन वळून स्वतःलाच येऊन मिळत असेल तर तिथे मुद्दाम न वाहणारा सांधा लागतो, नाहीतर शॉर्ट!)

आणि वाफेवर किंवा बॅटरीवर चालणारं इंजिन असेल तर निम्मा त्रास वाचला. रुळांनी फक्त सरळ राहायचं.

पुढे काय झालं

हिवाळा गेला. मार्चमध्ये मी पुन्हा बल्ब लावून मोजलं. या वेळी मिलिव्होल्ट नातवाने वाचले आणि मी लिहिले. एकही सांधा गेलेला नव्हता. एक हिवाळा म्हणजे पुरावा नव्हे, खरी परीक्षा ऑगस्टच्या उन्हात आहे, हे मी त्यालाही सांगून ठेवलंय. लाइन उखडायचा विषय आजोबांनी पुन्हा काढलेला नाही. उलट झाडाच्या पलीकडे आणखी ३ मीटर न्यायचं म्हणतायत.

आणि माझ्या प्रबंधाचं? गाइडना मी ही सगळी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, उलट एसी बंद करून, तापमान वर-खाली करत तोच प्रयोग परत करायला सांगितला. म्हणजे निदान चार महिन्यांचं काम वाढलं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली हातात दिली.

त्या प्रयोगाचे आकडे आले की इथे लिहीनच. तोपर्यंत तुमच्या घरात टेकण्यापाशी अडलेलं काही असेल, हलवलं की चालू होणारा रिमोट, पिन तिरकी धरली तरच चार्ज होणारा फोन, तर ते हलवल्यावर नेमकं काय होतं याचा जरा विचार करून बघा, आणि मला कळवा.